आधी रस्ते आले

आधी रस्ते आले. माणसं दहा वर्षांनी.
खांब आले, त्यांवर दिवे नव्हते.
करावे गावाच्या खाडीकडच्या अंगाला,
जिथं हसुराम मढवीच्या बापाचं मिठागर होतं,
तिथं एक चौक आला
चारी बाजूंनी कुठंच न जाणारा.

जमिनीच्या पैशात भावांनी घरावर स्लॅब टाकला.
हसुरामनं आपला वाटा रुमालात बांधून ठाण्याला नेला
आणि येताना लाल आरएक्सवर बसून आला.
आयस चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी तिनंच हँडलला लिंबू बांधलं.

मी त्याचा मेकॅनिक. म्हणजे तुर्भ्याच्या गॅरेजात
रॉकेलच्या डब्यात नट धुणारा सतरा वर्षांचा पोरगा.
मला फक्त एवढंच यायचं:
कुठलं इंजिन खोटं बोलतंय, ते ऐकू यायचं.
त्याला तेवढं पुरलं.

पहाटे चारला जायचो. कुत्री, बगळे, आम्ही.
चौकाच्या अलीकडं जिथं ब्रेक लावायचा
तिथं मी मुठीनं मिठाची रेघ ओढायचो,
त्याच्याच बापाच्या शेवटच्या राशीतलं मीठ.
रोज दोन पावलं पुढं.
दंवानं रेघ विरघळायची आणि मी ओरडायचो,
तर तो हेल्मेटच्या आतून:
जाऊ दे, मना कलला.
गुडघा डांबराला लागायचा. ठिणगी नाही,
नुसता एक फर्रकन आवाज, पत्रावळ फाटल्यासारखा.

मद्रासकडं विमानं विसरून गेलेली एक धावपट्टी होती.
बाजारातून कांद्याचा ट्रक निघायचा, त्यात गोण्यांवर
आम्ही, गाडी आणि सुकटाचा डबा.
तिथं बाकीच्यांना छत्री धरायला माणसं.
आम्हाला सावली ट्रकची.
पहिल्या वर्षी कर्ण्यावरच्या माणसानं
हसरम मादवी जिंकला असं सांगितलं.
दुसऱ्या वर्षी हसुरम मडवी.
तिसऱ्या वर्षी नाव नीट घेतलं,
तेव्हा तो रडला. कपासाठी नाही.

चौथ्या वर्षाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.
सुरुवातीच्या रेघेवर गाडी उभी होती, झेंडा वर,
आणि इंजिनात एक बारीक खर्र होती,
तांदळात खडा असतो तेवढीच.
मी ऐकली.
कंपनीचे साहेब समोर बसले होते, हातात कागद,
त्यात त्याची नोकरी होती, थोडी माझीही.
मी फडक्यानं टाकी पुसली.
सहाव्या फेरीत पिस्टन जाम झाला.
मागचं चाक थांबलं, तो थांबला नाही.

पायात सळई आहे. हवा दमट झाली की
तो मांडीवर हात ठेवून सांगतो, भरती आली.
कधीच विचारलं नाही त्यानं मला काही.
विचारलं असतं तर बरं, असं मी
स्पार्क प्लग घासताना हजारदा घासून पाहिलंय.

तिन्ही कप आयसनं चुलीशी घेतले, मिठाला.
मीठ चढा खातं, कुणी सांगायला गेलं नाही.
आता एकातून आरपार दिसतं.

काल त्याच्या स्कूटरवर मागं बसलो होतो.
त्याच चौकात सिग्नल. नव्वद सेकंद.
आजूबाजूला पोरं पीळ देत होती,
कुणाची दोन लाखांची, कुणाची पाच.
त्यानं मान थोडी डावीकडं कलली ठेवली,
पूर्वी ठेवायचा तशी.
शेजारच्या काळ्या गाडीत होती ती. बारीक. खर्र.

आयकलास? तो म्हणाला. मागं न बघता.

बासष्ट, एकसष्ट, साठ.
आयकला, मी म्हणालो.
तेव्हापण आयकला होता.

हिरवा लागला. मागून हॉर्न.
तो त्या पोराला हात करून बाजूला घ्यायला सांगत होता.